महाकपींच्या संततीचा प्रश्न

( नभोवाणीवरील भाषण )

मनुष्याला आपल्या आप्तांची निवड करतां येत नाहीं, हें घराच्या चार भिंतींत जितकें खरें आहे तितकेंच तें सृष्टीच्या विशाल कुटुंबांतही खरें आहे. गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान हे महाकपि मानवाचे सर्वांत जवळचे सोयरे. त्यांना शेपूट नाहीं, त्यांच्या बोटांवर माणसाप्रमाणेंच ठसे असतात, आणि त्यांच्या माद्यांना स्त्रियांप्रमाणेंच ठराविक दिवसांनीं ऋतुप्राप्ति होते. या सोयरिकीची दुसरी बाजू अशी कीं, मानवाच्या घरांत शिरणारे पुष्कळसे रोग या आप्तांच्या घरांतही शिरतात. गर्भाशयांतील गांठी, बीजकोशांवरील द्रवाचे फुगे, बंद झालेल्या गर्भनलिका, अडलेलें बाळंतपण, हीं दुःखें केवळ स्त्रीजातीच्याच वांट्यास आलेलीं नाहींत. प्राणिसंग्रहालयांतील महाकपींच्या या दुखण्यांवर, शरीराला शक्य तितकी कमी इजा करून, कसे उपचार करतां येतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हा प्रश्न इतक्या महत्त्वाचा कां, तें पाहिलें पाहिजे. महाकपींच्या आज सात जाती मानल्या जातात. गोरिलाच्या दोन, ओरांगउटानच्या तीन, आणि चिंपांझी व बोनोबो यांची प्रत्येकीं एक. ओरांगउटानची तिसरी जात, सुमात्रा बेटावरील तापानुलीची, शास्त्रज्ञांनीं निराळी म्हणून ओळखली ती अगदीं अलीकडे, २०१७ सालीं. जंगलतोड, शिकार आणि आफ्रिकेंत इबोलासारख्या सांथी यांमुळें या सातही जाती संकटांत आहेत. गोरिला व ओरांगउटान यांच्या पांचही जातींची गणना तर अतिसंकटग्रस्तांत होते. त्यांत यांची प्रजोत्पत्ति अत्यंत संथ. गोरिलाची मादी सुमारें साडेआठ महिने गर्भ वाहते, चिंपांझीची सुमारें आठ महिने, आणि एका खेपेस बहुधा एकच पिल्लूं होतें. रानांतील गोरिलाची मादी चारएक वर्षांनीं पुन्हां विते, चिंपांझीची पांचसहा वर्षांनीं, आणि ओरांगउटानची तर सातआठ वर्षांनीं. ज्या घराण्यांत पाळणा इतक्या क्वचित् हलतो, तेथें एकेक पाळण्याचें मोल किती असेल, हें निराळें सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत आणलेला गोरिला बहुधा थोड्याच काळांत दगावे, आणि त्याच्या जागीं दुसरा रानांतून पकडून आणीत. पिल्लूं पकडावयाचें म्हणजे बहुतेक वेळां त्याच्या आईला ठार मारावें लागे. बंदिवासांत चिंपांझीचें पिल्लूं जन्मलें तें क्यूबांत, हॅव्हाना शहरीं, रोझालिया आब्रेउ या धनाढ्य व प्राणिप्रेमी बाईंच्या वाड्यांत, १९१५ सालीं. गोरिलाच्या बाबतींत मात्र जगाला १९५६ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीं २२ डिसेंबर रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, कोलंबस येथील प्राणिसंग्रहालयांत, कोलो ही मादी जन्मास आली. ती साठ वर्षें जगली, तिनें नातवंडें-पतवंडें पाहिलीं, आणि जानेवारी २०१७ मध्यें ती वारली. दरम्यान १९७५ सालीं वन्य जीवांच्या व्यापाराविषयींचा आंतरराष्ट्रीय करार अमलांत आला, आणि रानांतून महाकपि पकडून आणण्याची वाट बंद झाली. तेव्हांपासून संग्रहालयांतील महाकपींची परंपरा चालावयाची ती त्यांच्या स्वतःच्या संततीवरच.

परंतु बंदिवासांत प्रजोत्पत्तीला अनेक विघ्नें येतात. कांहीं विघ्नें मनाचीं असतात. आईवेगळें, माणसांच्या हातीं वाढलेलें पिल्लूं मोठें झाल्यावर त्याला ना समागमाची रीत ठाऊक, ना लेंकरूं उराशीं धरण्याची. कारण महाकपि या गोष्टी कळपांतल्या वडीलधाऱ्यांकडून पाहूनच शिकतो. कांहीं विघ्नें शरीराचीं असतात. अयोग्य आहार व अपुरी हालचाल यांमुळें वजन वाढतें. नरांच्या बाबतींत, विशेषतः बंदिवासांतील गोरिलांत, वृषणें क्षीण झाल्याचीं व वीर्य निकस असल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. मादीची गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. रानांतील मादी आयुष्याचा बहुतेक काळ गर्भवती तरी असते किंवा अंगावर पाजीत तरी असते. तिला ऋतुचक्राचे फेरे फारच थोडे घडतात. संग्रहालयांत विनापत्य राहिलेल्या मादीचें ऋतुचक्र मात्र वर्षानुवर्षें अखंड चालतें, आणि गर्भाशयाला विसांवा असा मिळतच नाहीं. उतारवयांतील चिंपांझीमाद्यांत गर्भाशयाच्या गांठी वारंवार आढळतात. गर्भाशयाचें अस्तर गर्भाशयाबाहेर पोटांत रुजण्याचा जो क्लेशदायक रोग स्त्रियांना होतो, तोही ऋतु येणाऱ्या या प्राण्यांत दिसून येतो. शिवाय वेदना लपविणें हा वन्य प्राण्याचा स्वभावच आहे. कण्हणारा प्राणी शत्रूच्या नजरेस आधीं पडतो. त्यामुळें मादी कोपऱ्यांत बसून राहूं लागली, आवडीचें फळ नाकारूं लागली, म्हणजेच राखणदाराच्या मनांत पहिली शंका येते.

शंका आल्यावर तपास. येथेंच ‘कमींत कमी इजा’ या तत्त्वाचा खरा आरंभ होतो, कारण सर्वांत उत्तम उपचार तो कीं ज्यांत सुरीच काय, सुईही लागत नाहीं. महाकपि आणि मानव यांचे अंतःस्राव इतके सारखे आहेत कीं, औषधांच्या दुकानांत स्त्रियांसाठीं मिळणारी गर्भचांचणीची पट्टी गोरिलाच्या लघवीवरही अचूक काम देते. लघवी व विष्ठा यांच्या परीक्षेवरून ऋतुचक्र नियमित आहे कीं नाहीं, बीज सुटतें कीं नाहीं, हें कळूं शकतें. चिंपांझीच्या मादीच्या अंगावरील सूज तिच्या ऋतुकालाची वार्ता जाहीरपणें देते. ओरांगउटानच्या मादीला अशी सूज एरवीं येत नाहीं, गर्भ राहिल्यावर येते. याहून नवल वाटावें तें शिकवणुकीचें. राखणदार दिवसामागून दिवस, फळाच्या फोडीचें बक्षीस देत, मादीला जाळीजवळ येऊन पोट टेकवून उभें राहावयास शिकवितो. आधीं नुसता हात लावतो, मग एखादी निर्जीव वस्तु, मग थंड लेप, आणि शेवटीं सोनोग्राफीचें यंत्र. यांत बळजोरी मुळींच नसते. मादीला नको असेल तर ती उठून जाते, आणि त्या दिवशींचा तपास तेथेंच थांबतो. अशा रीतीनें भुलीवांचून गर्भाची वाढ पाहतां येते, आणि हृदयही तपासतां येतें.

हृदयाचा उल्लेख येथें सहज आलेला नाहीं. बंदिवासांतील प्रौढ गोरिलांच्या मृत्यूंत हृदयविकार हें अग्रगण्य कारण आहे. त्याच्या अभ्यासासाठीं २०१० सालीं अमेरिकेंत ‘ग्रेट एप हार्ट प्रोजेक्ट’ या नांवाचा स्वतंत्र उपक्रम सुरू करण्यांत आला. असलें हृदय असलेल्या प्राण्याला भूल देणें हेंच मोठें साहस. त्यांतून गोरिला व ओरांगउटान यांच्या गळ्याशीं हवेच्या मोठ्या पिशव्या असतात. त्यांत रोगजंतूंचा संचय असला आणि भुलेच्या अवस्थेंत तो फुफ्फुसांत उतरला, तर प्राणावर बेततें. मनुष्याच्या बाबतींत भूल ही शस्त्रक्रियेची दासी असते. महाकपीच्या बाबतींत पुष्कळदां भुलीचा धोका शस्त्रक्रियेहून अधिक असतो. म्हणून एकदां भूल दिली कीं त्याच संधींत दांत, डोळे, रक्त, हृदय, गर्भाशय असें सर्वच पाहून घेण्याचा प्रघात पडला आहे.

आतां समजा, शस्त्रक्रिया अटळ ठरली. मनुष्याचें पोट वीतभर चिरलें तर रोगी आठवडाभर निजून राहतो, टांक्यांना हात लावूं नये एवढें त्याला समजतें. महाकपीला तें कोण समजावणार? त्याचीं बोटें माणसाच्या बोटांइतकीं कुशल, बळ माणसाहून कितीतरी अधिक, आणि जिज्ञासा अपार. अंगावर कांहीं नवें दिसलें कीं तें उकलून पाहणें हा त्याचा धर्म. जखम मोठी तितका तिच्यावरचा ताण मोठा, आणि टांके उसवण्याची भीतिही मोठी. दुसरी अडचण कळपाची. चिंपांझींच्या समाजांत मानपानाचीं गणितें रोज नव्यानें मांडलीं जातात. दोन-तीन आठवडे बाजूला ठेवलेली मादी परत आली तर तिची जागा तिला मिळेलच असें नाहीं. तिसरी अडचण तान्ह्या लेंकराची. तें आईच्या पोटालाच घट्ट चिकटून राहतें. ज्या जागीं त्याची मूठ, नेमकी तेथेंच जखम. या तिन्ही कारणांसाठीं लहान छेद ही महाकपीच्या बाबतींत चैन नसून गरज आहे.

लहान छेदाची ही विद्या आली कोठून, तेंही मनोरंजक आहे. १९०१ सालीं जर्मनींत गेओर्ग केलिंग या शल्यविशारदानें एका कुत्र्याच्या पोटांत हवा भरून, बारीक छिद्रावाटे नळीची दुर्बीण आंत घालून, उदरांतील इंद्रियें पोट न चिरतां पाहण्याचा प्रयोग जाहीरपणें करून दाखविला. पुढें ही युक्ति माणसावर चालूं लागली. इंग्लंडांत पॅट्रिक स्टेप्टो यांनीं याच दुर्बिणीनें बीजकोशांतून बीज काढून घेतलें, आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या साह्यानें २५ जुलै १९७८ रोजीं जगांतील पहिलें नलिकाबाळ जन्मास आणलें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेंच यश ऑगस्ट १९८६ मध्यें मिळविलें. जर्मनींतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनीं १९८० सालीं दुर्बिणीच्या साह्यानें आंत्रपुच्छ काढून टाकलें, आणि पाहण्याचें साधन हें कापण्या-शिवण्याचेंही साधन झालें. म्हणजे एका मुक्या प्राण्यावर जिचा पहिला धडा गिरविला, ती विद्या माणसाच्या घरीं वाढून पुन्हां मुक्या प्राण्याच्या सेवेस परतली आहे.

तिची कृति थोडक्यांत अशी. बेंबीजवळ बोटाच्या पेराएवढा छेद घेऊन पोटांत कार्बन डायऑक्साइड वायु मंद दाबानें भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आंत काम करावयास जागा होते. त्या छेदांतून दुर्बीण जाते. आणखी दोनतीन छिद्रांतून लांब दांड्याच्या कातऱ्या व चिमटे जातात. आणि वैद्य पडद्यावरील चित्र पाहून काम करतो. महाकपीच्या बाबतींत कांहीं गोष्टी विशेष जपाव्या लागतात. गोरिला हा पालाभक्षक. पाला आंबविण्यासाठीं त्याचें मोठें आंतडें भले थोरलें असतें, आणि तें दुर्बिणीपुढें आडवें येतें. तें बाजूला सरावें म्हणून डोक्याकडची बाजू खालीं करावी, तर त्याच आंतड्याचें ओझें छातीवर येऊन श्वास कोंडतो. म्हणून आधींचें लंघन, वायूचा बेताचा दाब आणि भूल देणाराची सावध नजर यांना येथें पराकाष्ठेचें महत्त्व आहे. या मार्गानें बीजकोशावरील फुगा काढतां येतो, चिकटलेलीं इंद्रियें सोडवितां येतात, पोटांत भलतीकडे रुजलेलें अस्तर जाळून टाकतां येतें, आणि रंगीत द्रव सोडून गर्भनलिका मोकळी आहे कीं बंद, हें डोळ्यांनीं पाहतां येतें. शेवटीं छेद आंतल्या आंत विरघळणाऱ्या धाग्यानें शिवतात, म्हणजे चाळवावयास बाहेर गांठच उरत नाहीं.

याहूनही सौम्य वाट निसर्गानेंच ठेवलेली आहे. योनिमार्गानें बारीक दुर्बीण गर्भाशयांत नेली तर एकही छेद न घेतां आंतील मांसांकुर दिसतो व काढतां येतो. मानवी वैद्यकांत १९९५ सालीं पॅरिसच्या जाक राव्हिना यांनीं गर्भाशयाच्या गांठींवर आणखी एक तोड प्रसिद्ध केली. मांडीच्या मुळाशीं असलेल्या रोहिणींतून केंसासारखी नळी गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत नेऊन तेथें सूक्ष्म कण सोडावयाचे, म्हणजे गांठीचें रक्त तुटतें व ती आपोआप सुकते. महाकपींच्या शरीराची ठेवण माणसाशीं इतकी जुळती आहे कीं, अशा प्रत्येक नव्या उपायाकडे संग्रहालयाच्या पशुवैद्याची नजर लागलेली असते. पशुवैद्याला प्राण्याची ओळख असते, स्त्रीरोगतज्ज्ञाला त्या इंद्रियांची. म्हणून महाकपीच्या शेजेपाशीं दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

या सहकार्याचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं घडलें. तेथील जुनें प्राणिसंग्रहालय २०२२ सालीं बंद झालें. पण त्यापूर्वीं तेथल्या सालोमी नांवाच्या गोरिलामादीला, स्त्रियांना देतात तसल्याच औषधांचे उपचार केल्यावर, डिसेंबर २००६ मध्यें पिल्लूं झालें. पुढें २०१६ च्या फेब्रुवारींत तेथल्याच केरा या गर्भवती मादीला रक्तदाबाच्या त्या विकाराचीं लक्षणें दिसूं लागलीं, ज्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात आणि जो आई व मूल दोघांचाही काळ ठरतो. तेव्हां डेव्हिड काहिल या स्त्रीरोगतज्ज्ञांना पाचारण करण्यांत आलें, आणि १२ तारखेस पोट उघडून पिल्लूं बाहेर काढण्यांत आलें. त्याचें वजन एक किलोहून किंचित् अधिक भरलें. तो शुक्रवार असल्यामुळें, घाना देशांत शुक्रवारीं जन्मलेल्या मुलीस देतात तें आफिया हें नांव त्या लेंकरास मिळालें. येथें मोठा छेद टळला नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सूक्ष्म शस्त्रक्रिया हें व्रत नव्हे. घटका भरत आली असतां जो मार्ग जीव वांचवील तोच श्रेष्ठ. मात्र त्याची किंमतही त्या कुटुंबाला द्यावी लागली. केरा दीर्घकाळ आजारी राहिली, आणि आफियाला आरंभीं माणसांच्या हातीं वाढावें लागलें.

नलिकाबाळाचा प्रयोगही महाकपींवर झालेला आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील संग्रहालयांत ऑक्टोबर १९९५ मध्यें तिमू ही गोरिलामादी अशा रीतीनें जन्मली. पिता राहत होता दूर ओमाहा शहरीं. मातापित्यांची गांठ न पडतांच संतति झाली. तरीही हा मार्ग पुढें नेहमींचा झाला नाहीं. एका यशामागें श्रम, खर्च आणि भुलीचे प्रसंग किती, याचा हिशेब संग्रहालयांना करावाच लागतो.

श्रोत्यांस कदाचित् विसंगत वाटेल, पण ज्या संग्रहालयांत एका मादीच्या वंध्यत्वावर उपचार चालू असतात, तेथेंच दुसरीच्या बाबतींत संततिनियमनाची योजना चालू असते. जागा मर्यादित, आणि जवळच्या रक्ताचा संबंध टाळणें अवश्य. बोर्निओ व सुमात्रा येथील ओरांगउटान पूर्वीं एकाच जातीचे समजून एकत्र ठेवले गेले, आणि त्यांची संमिश्र प्रजा झाली. ती पुढें वाढूं नये असें नंतर ठरलें. यासाठीं स्त्रियांच्या गोळ्या, गर्भाशयांत बसविण्याची तांबी व त्वचेखालीं ठेवण्याच्या औषधी कांड्या यांचा उपयोग होतो, आणि नरांवर नसबंदीही होते. पण निसर्ग कधीं कधीं शल्यविशारदालाही हंसतो. अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत, प्रयोगशाळांतून निवृत्त झालेल्या चिंपांझींच्या ‘चिंप हेवन’ या आश्रयस्थानांत सर्व नरांची नसबंदी झालेली होती. तरी जानेवारी २००७ मध्यें ट्रेसी नांवाचें पिल्लूं जन्मलें. पितृत्वाची परीक्षा करतां कोनन हा नर बाप ठरला. तोडलेली नलिका कधीं कधीं आपोआप सांधली जाते, हा मनुष्यांतला अनुभव येथेंही लागू पडतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर वीर्याची तपासणी ही केवळ उपचारादाखल करावयाची गोष्ट नव्हे.

भारताकडे पाहिलें तर चित्र निराळें आहे. म्हैसूरच्या संग्रहालयांत १९९५ सालीं डब्लिनहून आलेला पोलो हा नर पुढें देशांतील एकुलता एक गोरिला होता. तो २०१४ सालीं एकाकीच वारला. २०२१ सालीं जर्मनींतून थाबो व डेंबा हे दोन गोरिला तेथें आले, पण दोघेही नर. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांतील बिन्नी ही ओरांगउटानमादी २००३ सालीं ओरिसांतील नंदनकाननांत नेली. ती २०१९ च्या मे महिन्यांत वयाच्या सुमारें एकेचाळिसाव्या वर्षीं गेली, आणि तोंपर्यंत तीही देशांत आपल्या जातीची एकटीच उरली होती. उत्तमोत्तम दुर्बीण व निष्णात वैद्य असूनही एकटेपणाच्या वंध्यत्वावर औषध नाहीं. जोडीदार आणि कळप हीच त्या रोगाची पहिली मात्रा. शस्त्रक्रियेचा क्रम त्यानंतरचा.

शेवटीं एका प्रश्नाला बगल देतां येत नाहीं. हा सारा खटाटोप कोणासाठीं? संग्रहालयांत जन्मलेला गोरिला सहजासहजीं आफ्रिकेच्या अरण्यांत परत जाऊं शकत नाहीं. आणि अरण्यच उरलें नाहीं तर परत जाण्याच्या गोष्टीला अर्थही नाहीं. पिंजऱ्यांतला पाळणा हलला म्हणून रानांतला पाळणा वांचला, असें समजणें ही आत्मवंचना होईल. तथापि या उपचारांचें समर्थन केवळ संततीच्या संख्येवर अवलंबून नाहीं. ज्या प्राण्याला मनुष्यानें स्वतःच्या इच्छेनें कोंडून ठेवलें, त्याच्या वेदनेची जबाबदारीही मनुष्यानेंच पत्करलेली असते. गांठीनें पोट दुखणाऱ्या, आतां पिल्लूं होण्याची आशा न उरलेल्या वृद्ध मादीला चार लहान छिद्रांवाटे दुखण्यांतून सोडविलें, तर त्यानें जातीची संख्या एकानेंही वाढत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं ती आपल्या कळपांत परत जाऊन, हात पुढें करून, आपल्या वांट्याचें फळ मागते. वैद्याच्या हाताची कसोटी लागते ती येथेंच, आणि तिला बंदिवासांत ठेवणाऱ्या समाजाच्या माणुसकीचीही.